निकालानंतर मुलांना नेमकं काय सांगायचं? ‘अपेक्षाच ठेवू नकोस’ने काही होत नाही

भंवरकुआंची लायब्ररी यांचा प्रश्न:

इंदूरच्या मंडळींना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. भंवरकुआंला ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकांचं घर नव्हे. महिन्याच्या भाड्यावर मिळणारी एक खुर्ची, टेबल, दिवा, वायफाय आणि शांतता. राज्यसेवा, पटवारी, बँक, यूपीएससी, सगळे एका रांगेत बसतात. खरगोन-बुरहाणपूरकडची मुलं असतात, तशी आपल्या राजेंद्रनगर-लोकमान्यनगरची मराठी मुलंही असतात.

प्रश्न निकालाच्या दिवसाचा आणि पुढच्या महिन्याचा आहे. प्रीची (पूर्वपरीक्षेची) यादी लागते आणि बहुतेक खुर्च्यांवरच्या मुलांचा नंबर तिच्यात नसतो. मग तीन प्रकार दिसतात. एक मुलगा चार-पाच दिवस येतच नाही. दुसरी दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन चौदा तास बसते, पण पान उलटत नाही. तिसरा हसून म्हणतो, ‘मला अपेक्षाच नव्हती.’ घरून सगळ्यांना एकच फोन येतो: ‘बाळा, अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे वाईट वाटत नाही.’

हे सांगून कुणाचं काही बरं झालेलं दिसत नाही. का होत नाही? पहिल्या आठवड्यात काय करायचं, पुढच्या अटेम्प्टची अपेक्षा योग्य जागी कशी आणायची (मेहनत न विझवता), आणि घरच्यांना काय सांगायचं? कृपया सुविचार नकोत, पद्धत सांगा. कागदावर उतरवता येईल अशी.

---

तिलकनगर_समुपदेशक:

दादा, गोंधळाचं मूळ ‘अपेक्षा’ या शब्दातच आहे. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना तो लावतो. ‘उद्या पाऊस अपेक्षित आहे’ यात तो अंदाज. ‘पोरीनं सुखात राहावं एवढीच अपेक्षा’ यात ती इच्छा. आणि ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ यात तो हक्क, हट्ट म्हणा हवं तर. घरचे ‘अपेक्षा ठेवू नकोस’ म्हणतात तेव्हा त्यांना हट्ट नको असं म्हणायचं असतं, पण मुलाच्या कानावर पडतं ‘इच्छाच सोड’. ज्या इच्छेवर तीन-चार वर्षं काढली ती सांगून जात नाही. मग तो ती लपवतो. तुमचा तिसरा प्रकार, हसून बोलणारा, तो हाच. माझ्या मते तिघांत सगळ्यात जास्त लक्ष त्याच्याकडे द्यायला हवं.

इच्छा आहे तशी राहू द्यायची, अंदाज आकड्यांवर आणायचा आणि हट्ट काढून टाकायचा. कामं तीन आहेत, आणि तिन्हींची वेळ वेगळी आहे.

पहिले तीन दिवस कागद-पेन नकोच. फक्त झोप, दोन वेळचं जेवण आणि एक नियम: कुठलाही निर्णय नाही. टिफिन बंद करायचा नाही, रूम सोडायची नाही, नव्या बॅचची फी भरायची नाही, मित्रांच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं नाही. आज वाटतंय ते दुःख किती दिवस टिकेल याचा माणसाचा अंदाज चुकतो, आणि तो जवळजवळ नेहमी जास्तीच्या बाजूला चुकतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १९९८ मध्ये हे नीट मांडलं. पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय त्या फुगलेल्या अंदाजावर उभा असतो, म्हणून तो पुढे ढकलायचा.

चौथ्या दिवसापासून लिहायचं. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. काय झालं आणि त्याबद्दल काय वाटतं, दोन्ही. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, नंतर फाडलं तरी चालेल. ही रीत जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातून आली आहे. त्यात एक गोष्ट सांगून ठेवायला लागते: लिहून झाल्या झाल्या मन आणखी जड होतं. मुलं घाबरून दुसऱ्या दिवशी थांबतात. आधीच सांगितलं तर थांबत नाहीत. संध्याकाळी लिहायला सांगा, झोपायच्या आधी नको.

आठवडा झाला की मग तीन रकान्यांचा कागद. वर लिहायचं: इच्छा, अंदाज, हट्ट. डोक्यात फिरणारं प्रत्येक वाक्य यांपैकी एका रकान्यात टाकायचं. हट्टाच्या रकान्यासाठी मराठीसारखी सोयीची भाषा नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘यंदा व्हायलाच हवं होतं.’ ‘एवढी मेहनत केली म्हणजे मिळायलाच पाहिजे.’ ‘तिचं झालं तर माझं व्हायलाच पाहिजे.’ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच ‘पाहिजेच’वर काम करते. वाक्यातला ‘च’ शोधायचा, त्याला गोल करायचा आणि वाक्य पुन्हा लिहायचं. नुसतं अक्षर खोडून भागत नाही, खरं काय ते पूर्ण लिहावं लागतं: ‘यंदा व्हावं असं मला फार वाटत होतं. झालं नाही. मेहनतीने शक्यता वाढते, ठरलेलं फळ मिळण्याचा करार कुणी केलेला नाही.’

बरोबर झालं की नाही याची खूण: वाईट वाटणं शिल्लक राहिलं पाहिजे. मुलगा म्हणाला ‘आता काहीच वाटत नाही’, तर त्याने हट्टाऐवजी इच्छा कापली आहे. कागद परत घ्यायचा. आणि ‘माझं कधी होणारच नाही’ यातही ‘च’ आहे. तोही त्याच रकान्यात जातो, अंदाजाच्या नाही. ही चूक फार होते, कारण निराश वाक्य वास्तववादी असल्यासारखं ऐकू येतं.

वाक्यं मुलानेच लिहायची. मोठ्या माणसाने लिहून दिलेला कागद म्हणजे उपदेशच.

ज्यांना ही पद्धत पुरत नाही ते ओळखा. दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास, झोप आणि भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, तर डॉक्टर हवा. ‘मी नसलो तरी चालेल’ अशा बोलण्याला दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी घरच्यांना कळवा, त्याला एकटं ठेवू नका, टेली मानसचा १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या. ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते.

---

आकडेमोड:

वरच्या उत्तरातला मधला रकाना, ‘अंदाज’, तो माझ्या विषयाचा. बहुतेक मुलांकडे अंदाज नसतोच. आपला सगळ्यात चांगला दिवस असतो, त्यालाच ते अंदाज म्हणतात.

आधी बाहेरून बघायचं, म्हणजे आपल्यासारख्या सगळ्यांचं काय झालं. यूपीएससीचे २०२३ च्या परीक्षेचे आकडे घ्या. अर्ज १०,१६,८५०. प्रीला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मेन्सला (मुख्य परीक्षेला) पात्र १४,६२४. मुलाखतीला २,८५५. शेवटी शिफारस १,०१६ जणांची. बसलेल्यांतून मेन्सपर्यंत सुमारे अडीच टक्के, मेन्समधून मुलाखतीला साडेएकोणीस टक्के, मुलाखतीतून यादीत साधारण छत्तीस टक्के. पूर्ण वाट धरली तर बसलेल्या ५८३ जणांत एक.

मुलांना हा आकडा घाबरवायला दाखवू नका. सांगायचं एवढंच की इथे न होणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि होणं हा अपवाद. ‘माझ्यात काय कमी आहे’ हा प्रश्न निम्मा तिथेच उतरतो. अर्थात सगळे ५८३ सारख्या तयारीने बसत नाहीत, म्हणून दुसरी पायरी आतून बघायची.

मागचे दहा मॉक (सराव पेपर) घ्या. फक्त दोन तास घड्याळ लावून, मधे न उठता दिलेले. समजा पेपर एकमध्ये २०० पैकी असे आले: ७८, ९२, ८४, ७१, ८८, ८०, ९५, ७६, ८२, ८६. मुलगा घरी सांगतो, ‘पंच्याण्णव येतात.’ चढत्या क्रमाने लावा: ७१, ७६, ७८, ८०, ८२, ८४, ८६, ८८, ९२, ९५. मधले दोन ८२ आणि ८४, म्हणजे मध्यक ८३. खालचे दोन आणि वरचे दोन सोडा, उरतो ७८ ते ८८ हा पट्टा. त्याचा अंदाज हा पट्टा आहे, ९५ नाही.

आता कटऑफ, म्हणजे पुढे जायला लागलेले किमान गुण, शेजारी ठेवा. खुल्या गटाचा प्रीचा कटऑफ २०२१ ला ८७.५४, २०२२ ला ८८.२२, २०२३ ला ७५.४१. एका वर्षात जवळजवळ तेरा गुणांनी घसरला. मध्यक ८३ असलेला हाच मुलगा पहिल्या दोन वर्षी बाहेर आणि तिसऱ्या वर्षी आत. तेव्हा प्रामाणिक वाक्य असं होतं: ‘आजच्या तयारीवर प्री निघण्याची शक्यता तीनात एक धरतो. मध्यक ९० वर नेला तर चित्र बदलतं.’ ही अपेक्षा खाली आणलेली आहे, पण मेलेली नाही. एका प्रश्नाला दोन गुण, तेव्हा ८३ वरून ९० म्हणजे चार प्रश्न जास्त बरोबर. किंवा तीन चुकीची उत्तरं कमी करून तीन बरोबर वाढवायची, कारण प्रत्येक चुकीला ०.६६ जातात. इथे काम दिसायला लागतं.

दुसरी चूक गुणाकाराची. मुलं म्हणतात, ‘प्रत्येक टप्पा निघेल असं साठ टक्के वाटतं’, आणि एकूण अपेक्षाही साठची धरून बसतात. तीन टप्पे आहेत. ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६. साठची भावना बाळगून बावीसच्या शक्यतेत उभा आहे तो. धक्का या फरकाचा बसतो, आणि बसेपर्यंत त्याला तो फरक माहीतच नसतो.

तिसरी, वेळेची. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा १९९४ चा अभ्यास: विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. ‘सगळं बिघडलं तर?’ या प्रश्नाला ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. ‘अर्थशास्त्र वीस दिवसांत उरकतो’ असं कुणी म्हणालं की दीडपट किंवा थोडं जास्तच करून वेळापत्रकात बत्तीस दिवस टाका. रोजचं वेळापत्रक रोज मोडणं ही छोटी निराशा असते, आणि वर्षभर साठलेल्या अशा छोट्या निराशा निकालाच्या दिवशी एकदम अंगावर येतात.

---

स्नेहनगर_शिक्षिका:

आकडेमोड, हिशेब पटला, पण एक धोका सांगते. शिकवणाऱ्यांना तो रोज दिसतो. अपेक्षा खाली आणायला सांगितली की काही मुलं ती थेट तळाला नेऊन ठेवतात. पेपरच्या सहा महिने आधीपासून ‘माझं काही खरं नाही’ म्हणतात. अपयश आलं तर ‘मी म्हणालोच होतो’ आणि यश आलं तर आनंद दुप्पट, असा तो हिशेब असतो. तो चुकतो दोन ठिकाणी.

रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये क्षणाक्षणाच्या आनंदाचा अभ्यास केला, आधी प्रयोगशाळेत, मग फोनवरच्या खेळातून १८,४२० जणांवर. आनंद मिळालेल्या बक्षिसावर नुसता ठरत नाही, ते धरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी यावर ठरतो, हे त्यातलं लोकांना आठवतं. त्यातलंच दुसरं मात्र विसरतात: चांगलं काही येणार आहे ही अपेक्षा स्वतःच, निकालाच्या आधी, मन वर उचलते. शून्य अपेक्षेचा मुलगा निकालाच्या एका दिवसाचं दुःख वाचवायला वर्षभराचे बरे दिवस देऊन टाकतो. सौदा तोट्याचा आहे.

दुसरं, मेहनतीचं. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये एक प्रकार वर्णन केला, त्याला बचावात्मक निराशावाद म्हणता येईल. काही जण वाईट होईल असं धरतात, आणि काय काय बिघडेल याची बारीक यादी करून एकेक गोष्ट बंद करत जातात. त्यांना निराशावाद उपयोगी पडतो. उपयोग त्या यादीचा असतो. यादी न करता नुसतं ‘नाही होणार’ म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. तेव्हा मुलगा म्हणाला ‘नाही होणार’, तर वाद घालू नका. विचारा, ‘कुठे अडेल? पाच जागा लिही.’ ओएमआर (उत्तरांचे गोल भरायचा कागद) भरायला वेळ कमी पडेल, सीसॅटच्या (प्रीच्या दुसऱ्या पेपरच्या) उताऱ्यात अडकेन, मध्यरात्रीपर्यंत झोप येणार नाही. प्रत्येकापुढे ‘असं झालं तर मी असं करेन’. लिहिता आलं तर निराशावाद कामाचा. लिहिता आलं नाही तर तो बचाव आहे, वरच्या समुपदेशक ताईंनी सांगितलेला ‘होणारच नाही’मधला ‘च’.

वेळेचं सूत्र मी असं ठेवते: तयारीच्या महिन्यांत अपेक्षा मध्यकावर आणि नजर कामावर. निकालाच्या आदल्या आठवड्यात मात्र अपेक्षा थोडी खाली सरकवायला हरकत नाही. तेव्हा मेहनत संपलेली असते, त्यामुळे नुकसान काही होत नाही, आणि धक्क्याला मन तयार असतं.

---

भंवरकुआंची लायब्ररी:

तीनही उत्तरं छापून ठेवतोय. ‘च’ला गोल करण्याचं तर लगेच सुरू करता येईल. घरच्यांचं राहिलं. आणि ‘दोन मार्कांनी गेलं’ म्हणणाऱ्यांचं काय? ते सगळ्यांत वाईट अवस्थेत असतात, पहिल्याच फेरीत लांब राहिलेल्यांपेक्षाही.

---

घर_आणि_अभ्यास:

ते तसंच असतं, आणि कारण माहीत आहे. मेडवेक, मेडी आणि गिलोविच यांनी १९९५ मध्ये बार्सिलोनाच्या १९९२ ऑलिंपिकचं चित्रीकरण लोकांना दाखवून खेळाडूंच्या चेहऱ्यावरचा आनंद दहापैकी मोजायला सांगितला. निकाल कळला त्या क्षणी कांस्यपदकवाल्यांना ७.१, रौप्यवाल्यांना ४.८. वर असलेला कमी खूश, कारण तो सुवर्णाकडे बघतो. कांस्यवाला ‘काहीच मिळालं नसतं’ याच्याकडे बघतो. ‘दोन मार्कांनी’ हे रौप्यवाल्याचं वाक्य आहे.

यूपीएससीमध्ये तर प्रीचे गुण आणि कटऑफ सगळी प्रक्रिया संपल्यावर, अंतिम निकालानंतर जाहीर होतात. म्हणजे ‘दोन मार्कांनी’ ही जखम जवळजवळ वर्षाने पुन्हा उघडते, नवीन प्रीच्या ऐन तोंडावर. त्या दिवसाची मुलाला आधीच कल्पना द्या. आणि आकडेमोडचा पट्टा समोर ठेवा: ७८ ते ८८ एवढा ज्याचा गुण हलतो, त्याच्यासाठी दोन गुण म्हणजे त्या दिवशीची झोप किंवा एका प्रश्नाचा नशिबाचा भाग. ते दोन गुण त्याच्या लायकीचं माप नव्हेत. ‘थोडक्यात हुकलं’ याच्याऐवजी ‘पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचलो, पट्टाच वर न्यायचा आहे’ असं म्हटलं की नजर हुकलेल्या गुणांवरून उठते.

घरच्यांचं. आईवडिलांची अपेक्षा वर चढत जाते आणि त्यांना ती चढलेली कळत नाही. हे आपल्या शहरावरून समजावते. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं तेव्हा लोक एकमेकांना पेढे भरवत होते. पुढे दरवर्षी पहिलं. २०२३ च्या निकालात सुरतसोबत संयुक्त पहिलं आलं, तर ‘संयुक्त का?’ असं ऐकू आलं. शहर घाण झालं नव्हतं, बघणाऱ्यांची तुलनेची रेघ सरकली होती. घरीही हेच होतं. पहिल्या वर्षी मुलीने प्री काढली की मोहल्ल्यात मिठाई. दुसऱ्या वर्षी प्री निघाली तर ‘मेन्सचं काय?’ प्री काढणं तितकंच अवघड राहिलेलं असतं, पण घरात त्याचं मोल शून्य झालेलं असतं.

आईवडिलांना एकच काम द्या: मागच्या वर्षी या तारखेला मुलगा कुठे होता ते एका ओळीत लिहायचं, आणि तुलना त्या ओळीशी करायची. शेजारच्या मुलाच्या चयनाशी नाही.

फोनवर काय बोलायचं हे अगदी शब्दांत सांगावं लागतं, नाहीतर भीतीपोटी चुकीचं बोललं जातं. ‘अपेक्षा ठेवू नको’ नको. ‘आमच्या नशिबातच नाही’ नको. ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ हेही नको, कारण ते प्रेमाने बोललेलं असलं तरी नवा करार आहे, आणि मुलावर त्याचंही ओझं येतं. हे बोला: ‘वाईट वाटलं, आम्हालाही. जेवलास का? पंधरा दिवस पुढचं काही ठरवायचं नाही. रविवारी घरी ये.’ आणि पैशांची काळजी असेल तर ती लपवू नका, आकड्यात सांगा: ‘अजून इतके महिने आपण भागवू शकतो.’ न सांगितलेली मर्यादा मुलं स्वतःच्या मनाने ठरवतात आणि बहुतेक वेळा ती खऱ्यापेक्षा कडक असते.

गणपतीत, लग्नकार्यात, कुठल्याही कार्यक्रमाच्या मध्यंतरात एखादी काकू विचारणारच, ‘काय मग, निकाल?’ मुलाकडे तयार वाक्य हवं. ‘काकू, यंदा झालं नाही. पुढचं ठरलं की मीच सांगेन.’ दोन छोटी वाक्यं, खुलासा नाही, माफी नाही. घरी मोठ्याने चार वेळा म्हणून बघायला सांगा. तोंडात बसलेलं नसेल तर ऐन वेळी कटऑफचं स्पष्टीकरण सुरू होतं, आणि काकूंना तर सामोशाच्या ताटलीसाठी पुढे जायचं असतं.

---

थांबा_कुठे:

एक बाजू राहिली. काही वेळा निकाल ना हो असतो ना नाही. आपल्या मध्य प्रदेशात ओबीसी आरक्षण १४ टक्के की २७ हा वाद न्यायालयात असल्यामुळे राज्यसेवेचे निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन भागांत लावले गेले आणि १३ टक्क्यांचा, म्हणजे वादातल्या जागांचा, भाग रोखला गेला. त्यात असलेल्या मुलाला नापास झाल्याचं दुःख करता येत नाही आणि आनंदही करता येत नाही. अशा ठिकाणी ‘किती’ची अपेक्षा राहू द्या, ‘केव्हा’ची पूर्ण काढा. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. पैसे हक्काचेच होते आणि मिळालेही, पण त्या तारखेवर कुणाला घर चालवता आलं नसतं. रोखलेल्या निकालाचं तसंच धरा. हक्क सोडू नका, पण पुढचं वर्ष त्याच्याशिवाय आखा. बातमी बघायचा आठवड्यातला एक वार ठरवा, रोज सकाळी नाही.

आता थांबण्याबद्दल. यूपीएससी खुल्या गटाला सहा अटेम्प्ट देते, वय ३२ पर्यंत. ओबीसीला नऊ. हे आकडे आयोगाची मर्यादा सांगतात, पण मुलं त्यांना आपली योजना समजतात. ‘अजून तीन आहेत ना’ म्हणत अपेक्षा बदलायची वेळच येत नाही. आपली मर्यादा वेगळी आणि आधी लिहायची, निकालाच्या आधी, डोकं शांत असताना. त्यात तीन गोष्टी हव्यात: कुठल्या तारखेपर्यंत, कुठला आकडा आला नाही तर, आणि मग नेमकं काय. उदाहरणार्थ: ‘आणखी दोन प्री. दुसऱ्या प्रीपर्यंत मॉकचा मध्यक ९० च्या खाली राहिला तर यूपीएससीचा फॉर्म भरणार नाही, राज्यसेवा आणि बँक एवढंच ठेवणार.’ प्रीच्या एका पेपरला जरी बसलं तरी तो अटेम्प्ट मोजला जातो. नुसता फॉर्म भरून गेलं नाही तर मोजला जात नाही. ‘बघू तर खरं’ म्हणून जाऊन येणाऱ्यांना हे सांगा.

हे नियम मोडतात एकाच कारणाने: ‘चार वर्षं वाया जातील.’ ती चार वर्षं दोन्ही वाटांवर खर्च झालेलीच आहेत, पुढे गेलं तरी आणि थांबलं तरी. तुलना फक्त पुढच्या वर्षाची करायची.

आणि नुसतं सोडायला सांगू नका. कार्स्टन व्रॉश आणि सहकारी २००३ पासून हेच दाखवत आले आहेत: हाताबाहेर गेलेलं ध्येय सोडता येणं मनाला हलकं करतं, पण नवीन ध्येय धरणं ही वेगळी क्षमता आहे आणि ती वेगळी जपावी लागते. एक सुटलं म्हणून दुसरं आपोआप धरलं जात नाही. म्हणून थांबायच्या कागदावर ‘मग नेमकं काय’ ही ओळ रिकामी असेल तर तो कागद अपुरा आहे. नवं काम पहिल्या पंधरा दिवसांत सुरू व्हावं आणि इतकं लहान असावं की संपलेलं दिसेल: एक अर्ज, एका विषयाची शिकवणी, एका महिन्याचं टॅलीचं शिक्षण. मोठं दुसरं स्वप्न लगेच हातात देऊ नका. पहिल्याची जखम ओली असताना ते पेलत नाही.

---

भंवरकुआंची लायब्ररी:

मर्यादा निकालाआधी लिहून ठेवायची, हे मला फार पटलं. अंदाजाचा आकडाही तसाच लिहून घ्यावा म्हणतो. पण मुलं नंतर तो बदलतात, ‘मी चाळीस टक्केच म्हणालो होतो’ असं सांगतात. पाकीट करून कुणाकडे ठेवायचं? लायब्ररीत ठेवलं तर चालेल का?

---

आकडेमोड:

लायब्ररीत नको, तिथे सगळे एकमेकांचं बघतील आणि आकडे स्पर्धेसाठी लिहिले जातील. पोस्टकार्डाएवढा कागद. एका बाजूला तारीख, पट्टा (७८ ते ८८ असा) आणि शक्यता टक्क्यांत. दुसऱ्या बाजूला एक ओळ: ‘निघालं नाही तर पहिले तीन दिवस मी...’ आणि त्यापुढे जिथे झोपायचं, जेवायचं त्या जागेचं नाव. घडी घालून चिकटवायचा आणि त्याच परीक्षेला न बसणाऱ्या मित्राकडे किंवा बहिणीकडे द्यायचा. निकालानंतर चौथ्या दिवशी उघडायचा, आधी नाही.

एका पाकिटावरून अंदाज चांगला की वाईट हे कळत नाही. आठवड्याच्या मॉकचंही असंच करायला सांगा. आठ-दहा पाकिटं झाली की मोजा: किती वेळा खरा गुण पट्ट्यात पडला? दहातल्या चारच वेळा पडत असेल तर पट्टा अरुंद आहे, रुंद करा. दर वेळी खालून बाहेर पडत असेल तर मुलगा अजूनही ९५ धरून बसला आहे, आणि ते त्याला तुमच्याऐवजी त्याच्याच अक्षरातल्या कागदाने सांगितलेलं बरं.

---

तिलकनगर_समुपदेशक:

एकच भर. उघडताना जवळ कुणीतरी असावं, आणि त्याने आधी मागची बाजू वाचावी.